लघुग्रहाला पुच्छ फुटले आहे, हे कसे ओळखावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या खगोल मंडळातर्फे लघुग्रहशोध मोहिमेत भाग घेणाऱ्या एका विद्यार्थिनीला पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या चार प्रतिमांच्या संचात मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला एक क्रमांकित लघुग्रह शेजारच्या ताऱ्यांपेक्षा किंचित फुगलेला आणि एका बाजूला ओढल्यासारखा दिसला. हा लघुग्रह धूमकेतूसारखा सक्रिय झाला आहे का, तसे ठरवायचे असेल तर कोणत्या क्रमाने तपास करावा, आणि मोठी दुर्बीण हाताशी नसताना या शोधात आपल्याला काही करता येईल का, असे तिने विचारले आहे.

तुम्ही पाहिलेला फुगवटा खरा असण्याची शक्यता कमी आहे, हे आधीच सांगतो. पण तो तपासण्याची पद्धत शिकून घेणे हे या क्षेत्रातले सर्वांत उपयोगी शिक्षण आहे. आज १० लाखांहून अधिक लघुग्रहांच्या कक्षा माहीत आहेत आणि त्यांपैकी सक्रिय म्हणून निश्चित झालेले लघुग्रह अजून काही डझनांतच मोजावे लागतात. गेली अनेक वर्षे मी अशा प्रतिमा तपासत आलो आहे, आणि प्रथमदर्शनी संशयित वाटलेल्या पिंडांपैकी बहुतेक सर्व पुढे मागचा तारा, अंधूक दीर्घिका, दुर्बिणीतले परावर्तन किंवा लघुग्रहाची स्वतःची गती यांपैकी कशाचा तरी परिणाम ठरले. एकदा तर सलग तीन रात्री मी ज्याला पुच्छ समजत होतो, ती लघुग्रहाच्या मार्गालगत पसरलेली, कडेने दिसणारी एक दीर्घिका होती. चौथ्या रात्री लघुग्रह पुढे गेला आणि ‘पुच्छ’ जागेवरच राहिले.

लघुग्रह आणि धूमकेतू यांतली रेषा पूर्वी वाटत होती तितकी ठाम राहिलेली नाही, आणि ती पुसट कशी झाली हे माहीत असल्याशिवाय शोध कुठे घ्यावा ते कळत नाही. १९७९ मध्ये नोंदवलेला १९७९ ओडब्ल्यू७ हा पिंड ताऱ्यासारख्या बिंदूप्रमाणे दिसत होता आणि त्याची कक्षाही मुख्य पट्ट्याच्या बाह्य भागातल्या कोणत्याही साध्या लघुग्रहासारखी, सुमारे ५.६ वर्षांच्या परिभ्रमणकाळाची होती. ऑगस्ट १९९६ मध्ये चिलीतील ला सिया वेधशाळेच्या प्रतिमांवर एरिक एल्स्ट आणि गिदो पिझारो यांना त्याच पिंडामागे एक अरुंद, सरळ पुच्छ दिसले. त्या वेळी अनेकांनी त्याचे कारण टक्कर असे मानले, कारण सूर्याच्या इतक्या जवळ अब्जावधी वर्षे फिरणाऱ्या पिंडात बर्फ टिकून असेल हे पटणे कठीण होते. पण २००२ मध्ये हेन्री शे आणि डेव्हिड जेविट यांनी त्याला पुन्हा सक्रिय पाहिले, आणि नंतर २००७ व २०१३ मध्येही, म्हणजे दर फेरीत उपसूर्य बिंदू, म्हणजे कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू, ओलांडण्याच्या सुमारास आणि त्यानंतर, तो पुन्हा पुन्हा धूळ टाकताना आढळला. टक्कर वेळापत्रकाप्रमाणे होत नाही; ऊन मात्र दर फेरीला त्याच जागी तितकेच पडते. त्यामुळे १३३पी/एल्स्ट-पिझारो या, लघुग्रह आणि धूमकेतू अशा दुहेरी ओळखीच्या पिंडाच्या सक्रियतेचे कारण बर्फाचे संप्लवन, म्हणजे घन बर्फाची द्रवरूप न घेता थेट वाफ होणे, हेच मानावे लागले. २००६ मध्ये त्याच दोघा शास्त्रज्ञांनी १३३पी, २३८पी/रीड आणि ११८४०१ क्रमांकाचा लघुग्रह, म्हणजेच १७६पी/लिनिअर, या तिघांना एकत्र ठेवून ‘मुख्य पट्ट्यातील धूमकेतू’ हा स्वतंत्र वर्ग मांडला.

पुनरावृत्तीवर मी इतका भर देतो, कारण पुच्छ एकदा दिसले म्हणजे सक्रियता सिद्ध होते, पण तिचे कारण सिद्ध होत नाही. पी/२०१० ए२ हा पिंड जानेवारी २०१० मध्ये सापडला तेव्हा तो धूमकेतूच वाटला. हबल दुर्बिणीने मात्र इंग्रजी एक्स अक्षरासारखी रचना आणि धुळीच्या ढगापासून अलग पडलेला छोटा केंद्रक, म्हणजे घन गाभा, दाखवला, आणि ही धूळ सुमारे वर्षभर आधी एकाच घटनेत उडालेली असल्याचे गणिताने निघाले. ३११पी/पॅन-स्टार्स या पिंडाला २०१३ मध्ये एकाच वेळी सहा पुच्छे दिसली. तिथे बर्फापेक्षा भरधाव स्वतःभोवती फिरणाऱ्या पिंडावरून माती निसटत असल्याचे स्पष्टीकरण अधिक जुळते. फेथॉन हा लघुग्रह तर सूर्यापासून अवघ्या ०.१४ खगोलीय एककांपर्यंत (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) जातो, आणि तिथे त्याचे तेज वाढते व छोटे पुच्छही दिसते, पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती चमक धुळीपेक्षा तापलेल्या सोडियमच्या वायूची असल्याचे दिसून आले. बेन्नू या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या ओसायरिस-रेक्स यानाने जानेवारी २०१९ मध्ये खडे उडताना पाहिले. पृथ्वीवरून ते कोणालाही दिसले नसते. आणि २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवल्यानंतर हजारो किलोमीटर लांबीचे जे पुच्छ तयार झाले, ते तर माणसानेच घडवलेले होते. टक्करीच्या धुळीचे दिवसागणिक काय होते हे त्यामुळे प्रथमच, घटनेची नेमकी वेळ माहीत असताना, पाहता आले.

आता तुमच्या प्रतिमांकडे वळू. पहिला प्रश्न गतीचा आहे. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना, ताशी साधारण ३० विकला सरकतो (१ विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). ४५ सेकंदांच्या प्रतिमेत तो ०.४ विकलांहून थोडा कमी सरकेल. वातावरणामुळे ताऱ्याचा ठिपका सुमारे १ विकला पसरलेला असेल, तर एवढ्या सरकण्याने तो जेमतेम लांबट दिसेल. हीच प्रतिमा ५ मिनिटांची असती तर सरकणे २.५ विकलांचे झाले असते आणि कोणताही निरुपद्रवी लघुग्रह रेघेसारखा दिसला असता. म्हणून ठिपक्याची लांबी गतीच्या दिशेत असेल तर तिला महत्त्व देऊ नका. गतीला लंब असलेल्या दिशेत त्याची रुंदी मोजा आणि तीच रुंदी त्याच प्रतिमेतल्या, साधारण तितक्याच तेजाच्या आणि चौकटीत शक्यतो जवळ असलेल्या आठ-दहा ताऱ्यांच्या रुंदीशी ताडून पाहा. चौकटीच्या कोपऱ्यातले तारे मध्यभागातल्या ताऱ्यांपेक्षा वेगळे दिसतात. तुलना करताना हे विसरल्याने कित्येक खोटे शोध जन्माला येतात.

दुसरी तपासणी मी नेहमी करतो, कारण तिला खास सॉफ्टवेअर लागत नाही. लघुग्रहाभोवती ३ विकला त्रिज्येच्या वर्तुळातला प्रकाश आणि ८ विकला त्रिज्येच्या वर्तुळातला प्रकाश मोजा, मोठ्या वर्तुळातल्या प्रकाशाला लहान वर्तुळातल्या प्रकाशाने भागून गुणोत्तर काढा, आणि तेच ताऱ्यांसाठी करा. सर्व ताऱ्यांसाठी हे गुणोत्तर जवळपास सारखे येते. लघुग्रहासाठी ते चारही प्रतिमांत, त्रुटीच्या मर्यादेबाहेर, जास्त आले तर बिंदूभोवती काहीतरी पसरलेले आहे. पसरलेल्या प्रकाशाचा उतारही पाहावा: सतत धूळ सोडणाऱ्या केंद्रकाभोवतीचा कोमा, म्हणजे धुळीचे धूसर आवरण, केंद्रापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात, आणि सूर्यप्रकाशाचा दाब प्रभावी असेल तर त्याहून थोड्या वेगाने मंद होत जातो, तर ताऱ्याच्या ठिपक्याची कड त्यापेक्षा कितीतरी झपाट्याने अंधारात विरते.

चार प्रतिमांत अंधूक पुच्छ दिसणे मुळातच अवघड असते. म्हणून लघुग्रहाच्या गतीनुसार प्रतिमा एकमेकांवर सरकवून त्यांची बेरीज करावी लागते. तारे मग रेषांसारखे होतात, पण लघुग्रह एका जागी राहतो आणि त्याच्याभोवतीचा मंद प्रकाश हळूहळू आकाशाच्या गोंगाटातून वर येतो. सारख्याच दर्जाच्या १६ प्रतिमा जोडल्या तर गोंगाट चौपट कमी होतो आणि सुमारे दीड प्रत अधिक मंद गोष्टी हाती येतात (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका पिंड मंद). बेरीज करताना सरासरीपेक्षा मध्यक वापरला तर ओघात येणारे तारे बऱ्यापैकी पुसले जातात. तरीही त्याच जागेची, लघुग्रह तिथे नसतानाची जुनी खोल प्रतिमा काढून पाहिल्याखेरीज मी कोणत्याही पुच्छावर विश्वास ठेवत नाही, आणि तुम्हीही ठेवू नये.

पुच्छ उरलेच तर त्याची दिशा सर्वांत बोलकी असते. बारीक धूळ सूर्यप्रकाशाच्या दाबाने सूर्याच्या विरुद्ध दिशेला ढकलली जाते. जाड कण हळू सुटतात आणि कक्षेवर पिंडाच्या मागे रेंगाळतात. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची होरायझन्स ही गणनसेवा कोणत्याही क्षणासाठी या दोन्ही दिशांचे कोन देते. तुमच्या प्रतिमेतल्या ‘ओढल्यासारख्या’ भागाचा उत्तरेपासूनचा कोन काढा. तो या दोन दिशांपैकी एकीशी जुळत नसेल, किंवा त्या दोघींच्या मधल्या कोनातही बसत नसेल, तर संशय बहुधा तिथेच संपतो. तो जुळला, तर मात्र हृदयाची धडधड वाढणे स्वाभाविक आहे, माझीही वाढते. धूळ कधी सुटली आणि किती काळ सुटत राहिली हे काढण्याची जी रीत फिन्सन आणि प्रोब्स्टाइन यांनी १९६८ मध्ये घालून दिली, तीच सुधारित रूपात आजही वापरली जाते, आणि एकाच स्फोटातली धूळ व महिनोन्महिने झिरपणारी धूळ यांतला फरक तिच्या साह्याने कळतो. पृथ्वी लघुग्रहाच्या कक्षेच्या प्रतलातून जात असेल तेव्हा पसरलेली पातळ धूळ कडेने दिसते आणि तिचे तेज एका अरुंद रेघेत एकवटते, म्हणून असे दिवस आधी काढून ठेवणे फायद्याचे ठरते.

पुच्छ न दिसताही सक्रियता ओळखता येते, आणि लहान दुर्बीण असलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. ५९६ शाइला हा सुमारे ११३ किलोमीटर व्यासाचा, १९०६ पासून माहीत असलेला लघुग्रह. डिसेंबर २०१० मध्ये कॅटालिना सर्वेक्षणाच्या प्रतिमांत स्टीव्ह लार्सन यांना तो अपेक्षेपेक्षा जवळजवळ एक प्रत अधिक तेजस्वी आणि धुळीने वेढलेला दिसला. सुमारे ३५ मीटरचा एखादा दगड त्यावर आदळला असावा, असा निष्कर्ष पुढे निघाला, आणि काही आठवड्यांतच ती धूळ पांगली. १३-१४ प्रतीचा हा पिंड ३० सेंटिमीटरच्या दुर्बिणीच्याही आवाक्यातला होता. मात्र केवळ तेजवाढीवर विसंबताना तीन गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात: लघुग्रह स्वतःभोवती फिरत असल्याने होणारा चढउतार, कला-कोन, म्हणजे लघुग्रहापाशी सूर्य आणि पृथ्वी यांच्या दिशांमधला कोन, बदलल्याने होणारा फरक, आणि सूचीतल्या निरपेक्ष प्रतीतली, म्हणजे ठरावीक अंतरावर धरलेल्या तेजाच्या आकड्यातली, त्रुटी, जी ०.२ ते ०.३ प्रत असणे अगदी नेहमीचे आहे. एका रात्रीची ०.३ प्रतीची वाढ म्हणजे काहीच नाही. ती रात्रीमागून रात्री टिकली आणि फिरण्याच्या चक्राने तिचा हिशेब लागला नाही, तर ती नोंदवण्याजोगी आहे.

आता कोणते लघुग्रह पाहावेत. बर्फाने चाललेली सक्रियता हवी असेल तर बाह्य पट्टा, विशेषतः थीमिस कुळ (२४ थीमिससारख्याच कक्षांत फिरणाऱ्या लघुग्रहांचा गट), आणि त्यातही उपसूर्य बिंदू नुकताच ओलांडलेले पिंड. १३३पी या कुळातलाच आहे, आणि खुद्द २४ थीमिसच्या पृष्ठभागावर पाण्याच्या बर्फाची वर्णपटीय खूण २०१० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी जाहीर केली. या अंतरावर उघडा बर्फ फार काळ टिकत नाही, पण धुळीच्या एखाद-दोन मीटरच्या थराखाली, जिथे सरासरी तापमान पुरेसे कमी राहते, तिथे तो अब्जावधी वर्षे राहू शकतो, असे उष्णतेच्या गणितावरून दिसते. म्हणजे झाकण उघडायला काहीतरी हवे: एखादी लहानशी टक्कर, किंवा वेगाने फिरल्याने सरकलेली माती. १३३पी स्वतःभोवती अवघ्या साडेतीन तासांत एक फेरी पूर्ण करतो, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

बर्फाचा हा सारा युक्तिवाद बरीच वर्षे केवळ धुळीच्या वागण्यावर उभा होता. जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनी वायूच्या रेषा शोधल्या आणि त्यांच्या हाती फक्त वरच्या मर्यादा आल्या. सेरेसभोवती सेकंदाला सुमारे ६ किलोग्रॅम पाण्याची वाफ सुटत असल्याचे हर्शेल अवकाश दुर्बिणीने दाखवले आणि ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, पण सेरेस हा बटू ग्रह, त्याची गोष्ट वेगळी. निर्णायक पुरावा आला तो २३८पी/रीडचा: जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्या कोमात पाण्याची वाफ थेट पाहिली, आणि २०२३ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एरवी धूमकेतूंत हमखास सापडणारा कार्बन डायऑक्साइड मात्र त्यात आढळला नाही. म्हणजे हे पिंड दूरच्या थंड प्रदेशातून आलेले पाहुणे असण्यापेक्षा याच पट्ट्यात उबेत राहिलेले, अधिक उडून जाणारी द्रव्ये केव्हाच गमावलेले असण्याची शक्यता बळावते. पृथ्वीवरचे पाणी कुठून आले या प्रश्नाशी हा धागा जोडलेला असल्यामुळे या अंधूक ठिपक्यांसाठी लोक रात्री खर्ची घालतात.

आतल्या पट्ट्यातही शोध घ्यावा, पण वेगळ्या अपेक्षेने. ६४७८ गॉल्ट हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, आणि त्यात भारताचाही वाटा आहे. १९८८ मध्ये सापडलेल्या, काही किलोमीटर आकाराच्या या लघुग्रहाला जानेवारी २०१९ मध्ये ॲटलास सर्वेक्षणाने पुच्छ पाहिले; मग दुसरे, अधिक आखूड पुच्छही दिसले. त्याच्या फिरण्याचा वेग मोजण्यासाठी ज्या दुर्बिणी वापरल्या गेल्या त्यांत लडाखमधील हानले येथील २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण होती. सुरुवातीच्या मोजमापात सुमारे दोन तास आणि पुढच्या, अधिक काटेकोर मोजमापात सुमारे अडीच तास असा फेरीचा काळ निघाला. मातीचा सैल ढिगारा असलेला पिंड याहून फार जास्त वेगाने फिरू शकत नाही; विषुववृत्तावरची माती सुटू लागते. सूर्यप्रकाश शोषून पुन्हा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकताना विषम आकाराच्या पिंडावर जो क्षीण पीळ बसतो, तो लाखो-कोटी वर्षांत एवढा वेग आणू शकतो. यालाच यॉर्प परिणाम म्हणतात.

गॉल्टच्या बाबतीत आणखी महत्त्वाची गोष्ट नंतर उघड झाली. पुच्छाची बातमी आल्यावर कॉलिन ओरायन चँडलर आणि सहकाऱ्यांनी जुन्या प्रतिमा चाळल्या, तेव्हा २०१३ मध्येही तो धूळ टाकत होता असे आढळले. ती प्रतिमा सहा वर्षे संग्रहात पडून होती, फक्त कोणी त्या नजरेने पाहिलेली नव्हती. मोठ्या दुर्बिणीविना काय करता येईल, या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर इथेच आहे. चिलीतल्या ४ मीटर ब्लँको दुर्बिणीवरील डार्क एनर्जी कॅमेऱ्याच्या प्रतिमा, झ्विकी सर्वेक्षणाच्या प्रतिमा, आणि कॅनडाच्या खगोल संग्रहातली, लघुग्रहाचे नाव दिले की तो कोणकोणत्या जुन्या प्रतिमांत येऊन गेला असेल ते सांगणारी सेवा, हे सारे विनामूल्य उपलब्ध आहे. चँडलर यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘ॲक्टिव्ह ॲस्टेरॉइड्स’ या लोकसहभागाच्या प्रकल्पात ८,००० हून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे ४,३०,००० प्रतिमा डोळ्यांनी पाहिल्या आणि त्यांतून डझनाहून अधिक सक्रिय पिंड हाती आले. संगणकीय गाळणी अजूनही अशा अंधूक, वेड्यावाकड्या आकारांपुढे अडखळते, आणि सरावलेला डोळा तिथे उपयोगी पडतो. चिलीतील रुबिन वेधशाळेचे सर्वेक्षण जसजसे पुढे जाईल तसतसे हे काम वाढणारच आहे.

संग्रहाचा आग्रह धरण्यामागे आपल्याकडचे एक व्यावहारिक कारणही आहे. जून ते सप्टेंबर महाराष्ट्रात आकाश जवळपास बंद असते. ज्या लघुग्रहाची प्रतियुती या महिन्यांत येते त्याचे उत्तम दिवस आपल्या हातून दर वेळी निसटतात. हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री फार चांगल्या, पण लघुग्रह आपल्या सोयीने उपसूर्य बिंदूला येत नाहीत. चिली आणि हवाई इथल्या प्रतिमा ही पोकळी भरून काढतात.

काही न सापडल्याचीही नोंद ठेवा. १७६पी/लिनिअर २००५ मध्ये सक्रिय दिसला, पण २०११ मध्ये उपसूर्य बिंदूजवळ आला तेव्हा मुद्दाम शोधूनही त्याच्याभोवती काही मिळाले नाही. या ‘काही नाही’मुळेच त्याच्या पहिल्या सक्रियतेचे कारण पुन्हा उघडा प्रश्न बनले. अमुक तारखेला, सूर्यापासून अमुक अंतरावर, अमुक तेजापर्यंत कोमा दिसला नाही, असे लिहिलेले वाक्य पुढच्या संशोधकाच्या फार कामी येते. ‘पाहिले, साधा दिसला’ एवढ्याचा मात्र कोणाला उपयोग होत नाही.

तुमच्या चार प्रतिमांबाबत आता पुढील गोष्टी करा: गतीला लंब रुंदी आणि दोन वर्तुळांतील प्रकाशाचे गुणोत्तर लघुग्रहासाठी व किमान आठ ताऱ्यांसाठी काढा, ओढल्यासारख्या भागाचा कोन आणि होरायझन्सने दिलेले दोन कोन शेजारी लिहा, त्या जागेची जुनी प्रतिमा पाहा, आणि या लघुग्रहाने उपसूर्य बिंदू केव्हा ओलांडला किंवा तो केव्हा ओलांडणार आहे ते तपासा. या चारही गोष्टी संशयाच्या बाजूने गेल्या तर आधी दुसऱ्या रात्रीची आणि शक्यतो दुसऱ्या दुर्बिणीची प्रतिमा मिळवा, मोहिमेच्या संयोजकांना कळवा, आणि मगच लघुग्रहांच्या निरीक्षणांची जगभरची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे मोजमापांसह अहवाल जाऊ द्या. तोवर समाजमाध्यमांवर काही लिहू नका. आकडे निघाले की मला पाठवा, आणि त्यांच्यासोबत प्रक्रिया न केलेल्या मूळ प्रतिमाही पाठवा. ठळकपणा वाढवलेल्या चित्रावरून मला काहीच ठरवता येणार नाही.